जुन्या बुशांचा डबा

विश्रामने अंगणातच जॅक लावून आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारचे मागचे झिजलेले सस्पेन्शन बुश बदलले. काढलेले रबरी बुश बिस्किटांच्या डब्यात टाकून माझ्या हाती दिले आणि तो केरीच्या नदीवरच्या फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत गाडी फिरवून आणायला गेला.

थोड्या वेळाने डब्यातून करकर ऐकू आली. मग पुन्हा. धक्क्याच्या वाटेत, आमच्या वाड्यावरच्या दोन्ही गतिरोधकांवर गाडी करकरायची, अगदी तशीच.

विश्राम परतला. इंजिन बंद करून हसला. "आवाज गेलो गो! धक्क्यार फेरीबोट लागली होती, पण मी नदीच्या पलतडी गेलंय नाय."

मी डबा पुढे केला. बोटीवर चढवलेली गाडी पाण्यावर डुलताना करकरते, तसे बुश संथपणे करकरत होते.

गाडी अंगणातच होती. विश्रामने नकळत हात जोडले.

मग बोटीच्या फळीवरून उतरताना गाडी आदळते, तसा माझ्या हातातला डबा एकदा जोरात हादरला. जुन्या बुशांची गाडी पलतडीला उतरली होती.