जागचं हलवायचं नाही

गोदीच्या नव्या आराखड्यात कामगारांच्या खोल्या पाडून माणसं शहराबाहेर हलवायची होती. धक्क्यावरची गंजकी क्रेन मात्र वारसा म्हणून तिथेच राहणार होती. ती चौतीस वर्षं चालवलेल्या काकांचं डोकंच फिरलं. लोखंड तेवढं वारसा आणि आम्ही अडगळ?

आराखड्याच्या सभेत त्यांनी गोदीच्या साहेबांना विचारलं, "क्रेन अगदी जशीच्या तशी ठेवणार?"

"केबिनमधलं काहीही जागचं हलवणार नाही, काका. तुमचं ते मोडकं स्टूलसुद्धा."

"तेवढं लेखी द्या."

साहेबांनी कौतुकाने तिथल्या तिथे लिहून सही ठोकली.

खोल्या पाडायच्या दिवशी काकांच्या दाराला कुलूप होतं. साहेबांनी मान वर करून पाहिलं, तर क्रेनच्या केबिनबाहेर टॉवेल वाळत होता, काकू खिडकीशी भाजी निवडत होत्या आणि काका स्टुलावर बसून चहा पीत होते.

"काका, हा काय पोरखेळ लावलाय? दोघंही आधी खाली उतरा."

काकांनी सहीचा कागद खिडकीबाहेर धरला.



"केबिनमधलं काहीही हलवायचं नाही, साहेब. आणि आम्ही दोघं आता केबिनमधलेच."