साडेचारातली अर्धी

खोल्या चार होत्या. डारियाने दोनदा मोजल्या. रस्त्याकडची मोठी, तिला लागून मॉदची, मग रॉक्सानची आणि शेवटी स्वयंपाकघर. जाहिरातीत मात्र स्वच्छ लिहिलं होतं, ‘साडेचार. दोघी राहतो, तिसरी हवी.’ उरलेली अर्धी कुठे दिसेना. पॅसेजमधलं एक अरुंद दार तिने हळूच उघडून पाहिलं. आत स्कीच्या दोन जोड्या, एक झाडू आणि घडीचं इस्त्रीचं टेबल. ही फार तर पाव.

आणि तिला तर ती अर्धीच हवी होती. दूरच्या सस्कॅचेवानहून मॉन्ट्रियलला शिकायला येऊन नऊ दिवस झाले होते आणि सतरा जागा हातच्या गेल्या होत्या. हॉस्टेलातली खाट उद्यापर्यंतच होती. “शुक्रवारपर्यंत छप्पर मिळालं नाही तर गुमान बसने परत ये,” असं आईने बजावलं होतं. “रसायनशास्त्र पुढच्या वर्षीही तिथेच असेल.”

म्हणून परवा फोनवर रॉक्सानने “तुला खोली कशी हवी?” असं विचारलं, तेव्हा डारियाने साधा हिशेब केला. दोघींच्या दोन, एक स्वयंपाकघर, एक बसायची खोली. चार संपल्या.

“मला अर्धी चालेल,” ती म्हणाली होती. “मला जागा फार लागत नाही.”

पलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली होती. मग रॉक्सान कशीबशी म्हणाली होती, “तू येच. गुरुवारी.”

आता स्वयंपाकघरात रॉक्सान कॉफी ओतत होती आणि मधूनच डारियाकडे बघून एकटीच हसत होती.

“चाळीस जणांनी लिहिलं आम्हाला,” ती म्हणाली. “सगळे स्वच्छ, सगळे शांत, सगळ्यांना मांजरं आवडतात. अगं, आमच्याकडे मांजरच नाही. आणि ही बाई म्हणते, मी बाथरूममध्ये राहीन.”

डारियाचा कप ओठांपाशीच थांबला.

“अर्धी म्हणजे बाथरूम?”

“मग काय, मॉदचं कपाट? इथे बाथरूमला अर्धी खोली धरतात.” रॉक्सानने मागच्या दाराकडे अंगठा दाखवला. ते दार डारियाने आल्या आल्याच पाहिलं होतं. मोजण्यात धरलं नव्हतं. तिच्या गावी कुणी धरत नाही. “तुला ती रस्त्याकडची मोठी खोली आहे, वेडे. आम्ही बसतो इथे, स्वयंपाकघरात.”

मॉद हसली नव्हती. ती कायद्याची विद्यार्थिनी होती आणि तिच्यासमोर एक फाईल होती.

“खोली तिला दिली असं इतक्यात म्हणू नकोस,” ती रॉक्सानला म्हणाली आणि डारियाकडे वळली. “पाच वाजता दुसरी एक येतेय. तीन जुन्या घरमालकांची शिफारसपत्रं घेऊन. मला ती बरी वाटते. रॉक्सान तुझ्यासाठी अडून बसलीय ती त्या एका विनोदापायी. तो विनोदच होता ना?”

पाचाला वीस मिनिटं कमी होती. रस्त्याकडच्या खोलीला तीन खिडक्या होत्या. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. डारियाने त्यासाठी तोंडही उघडलं.

“नाही,” ती म्हणाली. “मला ती खरंच खोली वाटली.”

रॉक्सानने टेबलावर डोकं टेकलं. हसून हसून तिचे खांदे गदगदत होते. मॉद मात्र डारियाकडे रोखून बघत राहिली.

“आणि तू राहिली असतीस? त्यात?”

डारियाने विचार केला.

“मोजल्याशिवाय कसं सांगू?”

मॉदच्या ओठांचा आधी एक कोपरा हलला, मग दुसरा. ती उठली. खणातून मोजपट्टी काढून तिने डारियाच्या पुढ्यात ठेवली आणि फोन उचलून पाच वाजताच्या मुलीला सांगितलं की येऊ नकोस, खोली गेली.

डारिया मोजपट्टी घेऊन मागच्या दाराने बाथरूममध्ये गेली. टब आतून एकशे बावन्न सेंटिमीटर भरला. तिची उंची एकशे एकोणपन्नास होती.