सावकाश उजळणारा तारा

सभागृहाच्या दारातच अप्पांचा तळवा सवयीने लेकीच्या डोळ्यांवर गेला. शर्वाणीला लुकलुकत्या उजेडाने फिट यायची. आजवर टीव्ही तिने बघितला नव्हता, या तळव्याआड नुसता ऐकला होता.

आत पडद्यावर वेधशाळेची वेबसाइट होती. सेकंदाला तीस वेळा लखलखणारा एक तारा सारी शाळा थेट पाहत होती. एकाएकी ती लखलख मंदावली.

“नेट अडकलं वाटतं,” मुख्याध्यापिका वैतागल्या.

“नाही बाई.” शर्वाणीने मनगटावरचा नवा पट्टा वर केला. “मी आलेय हे या पट्ट्याने त्या वेबसाइटला कळवलं. आता ती माझ्या डोळ्यांना झेपेल तसंच दाखवणार. सगळ्यांनाच.”

तिने अप्पांचा हात अलगद खाली घेतला.

तारा श्वासासारखा सावकाश उजळत होता, मावळत होता. दोन उजेडांच्या मधे आणखी एक फिकट, इवलासा उजेड डोकावून गेला. मघाच्या लखलखाटात तो कुणालाच दिसला नव्हता. तीनशे मुलं पुढे झुकली.

“अप्पा, बघितलंत?”

अप्पांनी मान डोलावली. रिकामा झालेला हात कुठे ठेवावा, हेच त्यांना सुचत नव्हतं.