अर्धी बरणी

हिरव्या पावडरीची बरणी अर्धी झाली होती, आणि मास्तरांच्या पोटात त्यातला एक चमचाही गेला नव्हता.

त्यांनी ती होती तशी कपाटात ठेवली. स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली, "अहो, या. वाढलंय."

मास्तरांच्या स्वादुपिंडाला दोनदा सूज येऊन गेली होती. दुसऱ्या खेपेला अकरा दिवस दवाखान्यात काढले. तेव्हापासून तेल-तूप जवळजवळ बंद. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं आणि पहिल्या घासाबरोबर पाचक कॅप्सूल घ्यायची. बायको त्यात पाच मिनिटं इकडची तिकडे होऊ देत नसे.

घोळ होता तो बाकीच्या उपायांचा. दुखणं कळलेला प्रत्येक माणूस काहीतरी सुचवून जाई. मेहुणीने माशाच्या तेलाच्या गोळ्या पाठवल्या. त्या मास्तरांना महिन्याने मिळाल्या. एका गिऱ्हाइकाने सुया टोचून दुखणं कमी करणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. तिथे बायको आधी एकटीच जाऊन आली. "बाईंचा हात कसा आहे ते बघून आले," म्हणाली. हिरवी पावडर तर मास्तरांनी स्वतः मागवली होती. पण आली तशी कपाटात गेली.

"देते हो. गाडी सुटतेय का तुमची?" पावडर मागितली की बायकोचं एवढंच उत्तर.

आपल्या शिलाईच्या दुकानात मास्तर स्वतःचीच पँट कमरेत आत घेत बसले होते. शेजारचा इस्त्रीवाला डोकावला.

"कितव्यांदा, मास्तर?"

"तिसऱ्यांदा."

"वहिनी उपाशी ठेवतात की काय?"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी बरणीचं सांगितलं. इस्त्रीवाल्याने मान हलवली.

"ओतून देत असतील. चाळीस वर्षांचा संसार, वर हे आजारपण. माणूस वैतागतो हो कधीकधी."

"काहीतरीच बोलू नकोस."

"मस्करी केली!"

पण मस्करी डोक्यातून जाईना. कापड हातात घेतलं की ते कुठे आखडेल हे मास्तरांना कळायचं. बायकोचं मात्र काही कळेना. हल्ली ती त्यांच्याबरोबर जेवत नव्हती. "माझं झालं मघाशीच," म्हणायची. बोलता बोलता दंड खाजवायची. विचारलं तर म्हणे, साबण बदललाय. माणूस काही लपवत असला की असाच वागतो का? मास्तरांना ठरवता येईना.

मंगळवारी ते डॉक्टरीणबाईंकडे एकटेच गेले. त्यांनी रिपोर्ट पाहिला.

"छान. सूज उतरलीय. वजनाची घसरणही आता थांबलीय."

"डॉक्टर, एक विचारू? बायको मला बाकीची औषधं देत नाही. मी बरा व्हायला तिला नको असेल का हो?"

"कुठली औषधं?"

मास्तरांनी खिशातून चिठ्ठी काढली. बाई वाचत गेल्या. "माशाचं तेल... यापुढे मला विचारून. सुयांनी बरं वाटत असेल तर टोचून घ्या, फक्त कॅप्सूल सोडू नका." शेवटच्या ओळीवर त्या थांबल्या. "ही पावडर घेतलीत?"

"एक चमचाही नाही."

"थोडक्यात वाचलात. ही घेणारे दोघेजण इथे दाखल झाले होते. यकृत बिघडलं. डोळे पिवळे पडेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता. एक जण गेला." त्यांनी चिठ्ठी परत दिली. "बायकोवर कसले संशय घेता? तिचे आभार माना."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकान न उघडता ते तडक घरी आले.

बायको पडदे ओढून स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. एरवी भरदिवसा ती कधी टेकत नसे. समोर ती बरणी होती आणि चमचा.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "आजपासून ही तुम्ही सुरू करा."

"ती फेकून दे आधी! तू दिली नाहीस म्हणून वाचलो मी. पण तुला कळलं कसं?"

"काय कळायचंय? कोणी काहीही पाठवतं, आणि तुमचं पोट हे असं. म्हणून सगळं आधी मी घेऊन बघते, मग तुम्हाला देते. माशाच्या गोळ्या नाही का, महिनाभर मी खाल्ल्या? हिला तीन आठवडे झाले. भूक तेवढी मेलीय, अंगाला जरा खाज येते. बाकी मला काही झालं नाही."

मास्तरांनी खिडकीचा पडदा सरकवला. तिने उजेडात मान वर केली. तिच्या डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालं होतं.