वस्त्रगाळ

दूध घालून मिक्सरमधून काढलेला चिकू मालननं सुती फडक्यातून वाटीत पिळला. एखादी कणी राहिली तरी सासूला ठसका लागायचा. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये डाव्या बाजूचा जबडा गेल्यापासून म्हातारीचं सगळं खाणं असं वस्त्रगाळ.

मिश्रीही तिला वस्त्रगाळच लागायची. मालन लग्न होऊन आली तेव्हा सासूच्या तोंडाचा पट्टा पहाटेच सुरू व्हायचा. पण भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड एकदा हिरड्यांवर फिरली, की दुपारपर्यंत घर शांत. मालननं ते बरोबर हेरलं. डबीतली पूड तळाला जायच्या आत ती तव्यावर तंबाखू भाजायला घ्यायची, खोकत, डोळे पुसत. नवऱ्यानं एकदा रागानं डबी उकिरड्यावर फेकली, तर हिनं दिवेलागणीच्या आत दुसरी भरून सासूच्या उशाशी ठेवली. गल्लीनं तिला गुणाची सून म्हटलं. तिनंही मुकाट्यानं म्हणवून घेतलं.

वाटी घेऊन ती खाटेवर टेकली. "आत्या, आ करा."

सासूनं चमचा बाजूला सारला. वाटीत बोट बुडवलं आणि जुन्या सवयीनं डाव्या गालात नेलं. तिथं फिरवायला हिरडी नव्हती. तरी तिनं समाधानानं डोळे मिटले. मालनला तिच्याकडे बघवेना.

"लोण्यावानी झालंय," सासू बोबड्या जिभेनं म्हणाली आणि तिनं मालनचा हात चाचपून धरला. "पोटच्या पोरालाबी कधी कळलं न्हाई. मला काय लागतं, ते पैल्यापासनं तूच वळखलंस."