अकरा जोड

पाइपाला भोक होतं. करंगळीचं टोकही जाणार नाही एवढंसं, पण भोक ते भोकच. खाली कपाटात ठेवलेल्या टाकीतलं पाणी पंपाने वर, माशांच्या टाकीत आणून सोडणाऱ्या पाइपाला, पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली. प्लंबरने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि त्याला मनापासून आनंद झाला.

"भोक ठेवून गेलाय तुझा लेक," तो बायकोला म्हणाला. "आणि म्हणे घरात समुद्र आणतो!"

"अहो, हात लावू नका म्हणून सांगितलंय ना त्याने?"

सांगितलं होतं खरं. "बाबा, माझ्या पाइपांना हात लावू नका." भांडून घर सोडताना मुलगा बापाशी एवढंच बोलला होता. त्याला आठ महिने झाले. दर रविवारी दुपारी तो आईला फोन करायचा, दोन्ही मासे बरे आहेत ना विचारायचा आणि ठेवून द्यायचा. तेवढा वेळ प्लंबर बाजूच्या खोलीत एकच पान्हा पुसत बसायचा. एकदा तरी "बाबांना दे" असं ऐकू येईल, एवढीच त्याची आशा होती. अजून आलं नव्हतं.

आज रविवारच होता. फोन यायच्या आत भोक बुजवलं, तर बायको ते सांगितल्याशिवाय राहणार नाही. मग कसा बोलत नाही बघू!

त्याने तेवढा पाइप सोडवला, पुसून कोरडा केला, सोल्यूशन लावून वर ठिगळ चिकटवलं आणि वाळल्यावर परत बसवला. चाळीस वर्षं त्याने हेच केलं होतं. "माझ्या जोडाला थेंब दाखवा, मिशी उतरवून देतो," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि मिशी अजून जागेवर होती.

पंप चालू केला. पाणी झकास चढलं. काम झालं की एकदा बंद करून बघायचं, या शिरस्त्याने त्याने बटण बंद केलं.

वर चढलेलं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली यायला लागलं. येईल थोडं, म्हणून तो बघत राहिला. ते थांबेचना. खालची टाकी भरली, काठावरून वाहिली, पाणी कपाटाच्या दारातून बाहेर आलं, आणि बायकोच्या पायाला खारं पाणी लागलं तेव्हा तिने जी हाक मारली ती शेजाऱ्यांनीही ऐकली असेल. त्याने धावत जाऊन बटण चालू केलं. पाणी पुन्हा वर चढायला लागलं. वरच्या टाकीत दोन्ही मासे उरलेल्या पाण्यात तळाशी बसले होते.

त्याने अकराच्या अकरा जोड तपासले, पुन्हा आवळले. सगळे ठणठणीत. पुन्हा बटण बंद करून पाहिलं, पुन्हा तेच. शेवटी तो बटणावर हात ठेवून उभा राहिला. जन्मभर का इथे उभं राहायचं? वीज गेली तर मासे गेले. आणि मासे गेले तर रविवारी मुलगा कशासाठी फोन करील?

तेवढ्यात फोन वाजला. बायकोने उचलून त्याचा कॅमेरा फरशीकडे धरला आणि मग नवऱ्याच्या हातात दिला. पडद्यावर मुलगा होता. दाढी वाढली होती. गाल बसले होते.

"बाबा, ते भोक बुजवलंत?"

"बुजवलं."

आता बोलणी खायची, म्हणून त्याने मान खाली घातली. पण मुलगा ओरडला नाही.

"ते मुद्दाम ठेवलं होतं. पंप बंद पडला की पाणी तिथवर उतरतं, भोकातून हवा आत शिरते आणि पाणी मागे यायचं थांबतं. ड्रिल आहे ना जवळ? पाच एमएमचं बिट लावा."

प्लंबरने फोन मिठाच्या डब्याला टेकवून उभा केला, पंप बंद करून झटकन पाइप काढला, गुडघ्यांत धरला आणि ड्रिल लावलं.

"सरळ धरा. घाई नको. हां, असं."

हेच शब्द त्याने कधीकाळी या पोराला शिकवले होते, आणि पोराने तेव्हा तोंड फिरवलं होतं. त्याने ड्रिल सरळ केलं. "बरं," एवढंच तो म्हणाला.

पाइप बसवला. पंप चालू करून पाणी पुरतं चढू दिलं आणि बटण बंद केलं. पाणी दोन बोटं उतरलं, भोकाने घुर्रर्र केलं आणि सगळं जागच्या जागी थांबलं. मासे वर आले.

"झालं बाबा," मुलगा म्हणाला. "चला, ठेवतो मग."

"थांब!"

"काय झालं?"

प्लंबरने समोरच्या जोडावरून अंगठा फिरवला. अंगठा कोरडा होता.

"थेंब दिसतोय रे," तो म्हणाला. "मी आवळलेला जोड गळतोय."

फरशी पुसता पुसता बायको थांबली. तिने त्याच्या मिशीकडे पाहिलं आणि पुन्हा फडकं पिळायला लागली.

"कुठला जोड?"

"ते नीट कळत नाहीये. एकेक बघावा लागेल."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"दाखवा," मुलगा म्हणाला.

प्लंबरने फोन उचलला आणि सगळ्यात लांबच्या जोडापासून सुरुवात केली.