भिंतीला भिंत

भिंतीला भिंत लागून दोन तालमी, आणि आपसातल्या फुटबॉलच्या एका मॅचवरून बारा वर्षं बोलणं बंद. इंटरनेट कंपनीतल्या क्रांतीनं दोन्ही तालमींना शेजारशेजारचे आयपी नंबर, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, दिले. नंबर सलग असले की बाहेरच्या जगाला दोघांचा मिळून एकच रस्ता सांगितला तरी भागतं.

"मॅडम, त्यांच्या नंबराला आमचा नंबर चिकटलेला चालायचा न्हाय," एका तालमीचे अध्यक्ष आकाराम तिच्या टेबलावर हात आपटून म्हणाले. तासाभरानं पलीकडचे अध्यक्ष विजयसिंह आले आणि शब्दन् शब्द तेच बोलून गेले.

"लांबलांबचे नंबर देऊया की," क्रांती दोघांनाही म्हणाली, "पण दोघांच्या सह्यांचा एकच अर्ज लागतोय."



संध्याकाळी दोघं अर्ज घेऊन एकाच बुलेटवरून आले.